टाय-डायची बांधणी : रबरबँड की दोरा?

टाय-डायच्या, म्हणजे कापड जागोजागी बांधून रंगवण्याच्या पद्धतीच्या, साहित्याच्या यादीत ‘रबरबँड किंवा दोरा’ असे सर्रास लिहिलेले असते, त्यामुळे हाताशी जे असेल ते वापरले तरी नक्षी एकच उमटेल, असा समज होतो. वरवर पाहता दोन्हींचे काम सारखेच आहे. कापडाच्या चुण्या इतक्या घट्ट आवळायच्या, की तंतूंमधल्या बारीक फटी बुजतील आणि त्यांतून पसरत जाणारे रंगाचे पाणी आतपर्यंत पोहोचणार नाही. परंतु हा दाब कशातून निर्माण होतो आणि किती वेळ टिकतो, याबाबतीत दोन्ही साधने अगदी निराळी आहेत, आणि कापड उघडल्यावर दिसणारे बहुतेक फरक त्यातूनच येतात.

ताणलेला रबरबँड सतत मूळ आकारात येऊ पाहतो. त्यामुळे भिजलेले कापड दबून थोडे बसले, तरी बँड त्याच्यामागोमाग आकसत जातो आणि दाब बराचसा कायम राहतो. दोऱ्याचे तसे नसते. बांधताना हाताने जेवढा ताण दिला तेवढाच त्याच्यापाशी असतो, आणि कापड बसले की तोही कमी होतो. म्हणूनच दोरा बांधताना कापडाचे दुसरे टोक कोणाला तरी धरायला सांगावे किंवा टेबलाला अडकवावे, प्रत्येक वेढा अंगाबाहेर ओढून घट्ट करावा आणि चार-पाच वेढ्यांनंतर एक अडकवण घ्यावी (दोरा आधीच्या वेढ्याखालून काढून ओढावा), म्हणजे पुढचे वेढे घालताना मागचे सुटत नाहीत. सुती दोऱ्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आपल्या बाजूने घडते. पीळ दिलेले सूत पाण्यात फुगून जाड होते आणि त्याची लांबी किंचित कमी होते, त्यामुळे असा दोरा भिजल्यावर आणखी आवळला जातो. त्याचा दोष हा, की तो स्वतः रंग पितो आणि त्याच्याखालच्या पांढऱ्या पट्ट्यात फिकट रेघा उमटवू शकतो. मला स्वतःला मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण सुती कापडासाठीचे रिॲक्टिव्ह (तंतूंशी रासायनिक बंध जोडणारे) रंग पॉलिएस्टरवर चढत नाहीत आणि मेणाच्या चिकटपणामुळे वेढा जागचा हलत नाही.

पांढऱ्या रेषेची रुंदी ठरवण्याची मुभा दोरा जास्त देतो. एक रबरबँड एक बारीक, थोडी अस्पष्ट रेघ देतो. रुंद पट्टा हवा असेल तर अनेक बँड शेजारी शेजारी चढवावे लागतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून रंग शिरतोच. दोऱ्याचे वेढे एकमेकांना चिकटून हवे तितक्या रुंदीपर्यंत नेता येतात. बारीक ठिपक्यांसाठी तर दोऱ्याला पर्यायच नाही, कारण चिमटीत धरलेल्या कापडाच्या इवल्याशा टोकावर रबरबँड पुरेसा घट्ट बसत नाही.

याउलट, मध्यभागातून पीळ देऊन केलेल्या चक्राकार नक्षीत रबरबँडच योग्य ठरतो. तिथे रंग अडवण्याचे काम कापडाच्या घड्याच करतात, बांधणीने फक्त पिळलेल्या कापडाची चकती विस्कटू द्यायची नसते. एकमेकांना छेदणारे तीन बँड त्यासाठी पुरतात, शिवाय चकतीचे सहा भाग पडल्यामुळे कोणता रंग कुठे ओतायचा हेही ठरवता येते. बांधणी रंग अडवणार आहे की नुसती घडी धरून ठेवणार आहे, हा प्रश्न आधी सोडवला की साधनाची निवड अर्धी झालेली असते.

उरलेली निवड रंगावर अवलंबून असते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर रिॲक्टिव्ह रंग सामान्य तापमानाला बसतात आणि कापड साधारण 24 तास झाकून ठेवले जाते. एवढ्या काळात चांगला, नवा रबरबँड सहज टिकतो. रेशीम किंवा लोकर उकळीच्या जवळ तापवलेल्या आम्लधर्मी रंगात रंगवायची असेल, तर मात्र उष्णतेने रबराचा ताण जातो, म्हणून तिथे दोराच घ्यावा. तोही पॉलिएस्टरचा किंवा सुती असावा, कारण नायलॉन आम्लधर्मी रंग स्वतःच शोषून घेतो. निळीच्या पिंपात कापड पुन्हा पुन्हा बुडवून हवेत धरावे लागते आणि दर खेपेला ते पिळले-हाताळले जाते, त्यामुळे घसरू शकणाऱ्या बँडपेक्षा नीट अडकवलेला दोरा तिथेही सरस ठरतो.

सोडवण्याचा विचार मात्र बांधतानाच करायला हवा. रबरबँड कात्रीने कापून टाकता येतो, पण भिजून फुगलेली सुती गाठ कापताना कापडाला भोक पडण्याचा धोका असतो. बांधणीचे कारागीर वेढे अशा रीतीने घालतात, की नंतर कापड दोन्ही बाजूंनी आडवे ओढताच सगळे दोरे आपोआप निसटतात. नवशिक्याने निदान शेवटी सरकगाठ मारावी आणि दोऱ्याचे टोक बोटभर लांब सोडावे. रिॲक्टिव्ह रंगाचे कापड बांधलेल्या अवस्थेतच गार पाण्याखाली धरून वरचा मोकळा रंग वाहून जाऊ द्यावा आणि मगच बांधणी सोडावी, नाहीतर तो रंग जपलेल्या पांढऱ्या भागावर पसरतो.