हायब्रीड भाताची रानटी आई

ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी बाजारात देवभाताचे वाटे मांडून बसलेल्या मावशी मला सांगत होत्या, "घ्या दादा, देवानं पिकवलेला आहे. हायब्रीड नाय हां!"

मराठीत 'हायब्रीड' ही आता जवळजवळ शिवी झाली आहे. बेचव टोमॅटो हायब्रीड, उलट उत्तरं देणारी पोरंही हायब्रीड. याउलट देवभात म्हणजे पाणथळीत, तळ्याकाठी आपोआप उगवणारा तांबूस रानभात. नांगर नाही, बैल नाही, म्हणून व्रताला चालतो. (पाळीतल्या शिवाशिवीचं पाप या व्रतानं फिटतं म्हणे. पाळीत पाप कसलं, हे अजून सांगावं लागतं याचीच लाज वाटायला हवी.) मला मात्र गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. आपल्याकडच्या बहुतेक हायब्रीड भातांची आई रानभातच आहे!

हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा संकर. जनुकं कापून चिकटवणं नव्हे, ती वेगळी गोष्ट. मक्यात संकर सोपा, कारण तुरा वर आणि कणीस खाली; तुरा खुडला की झालं. भाताच्या इवल्याशा फुलात सहा पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच तुसात नांदतात. फूल सकाळी तास-दोन तास उघडतं आणि बहुधा त्याआधीच आपलेच पराग आपल्यावर पाडून मोकळं होतं. संकर हवा तर चिमट्यानं सहाही पुंकेसर काढायचे, आणि एवढ्या खटाटोपातून मिळणार एक दाणा. हेक्टरी १५ किलो बियाणं धरलं तर सहा-सात लाख दाणे झाले. चिमट्याचं काम नव्हे ते. हवं होतं असं रोप, ज्याचे पराग जन्मतःच निकामी असतील पण स्त्रीकेसर धडधाकट असेल.

चीनमध्ये भातसंशोधक युआन लाँगपिंग १९६४ पासून अशी रोपं शोधत होते. लागवडीच्या भातात काही सापडलीही, पण त्यांचा वांझपणा पुढच्या पिढ्यांत टिकेना. मग जवळची सोडून लांबची सोयरीक शोधायचं ठरलं. नोव्हेंबर १९७० मध्ये हैनान बेटावर त्यांचे सहकारी ली बिहू आणि आणखी एकाला दलदलीतल्या रानभातात एक रोप दिसलं. त्याचे परागकोश बारीक, पिवळटपणा हरवलेले आणि आत पराग सुकलेले. आजही त्याची ओळख 'रानटी वांझ' अशीच आहे. १९७३ पर्यंत त्यातून संकराची पूर्ण पद्धत उभी राहिली आणि १९७६ पासून मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू झाली.

आता माझा आवडता भाग. हा दोष केंद्रकातल्या डीएनएत नाही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो. दोष तिथे आहे. भातात तो फक्त आईकडून येतो. लग्नागणिक आडनाव बदललं तरी आईची नथ लेकीकडे जात राहते, तसं. त्या रानरोपाचा संकर लागवडीच्या भाताशी केला, मग लेकीचा, मग नातीचा. दर पिढीत केंद्रकातला रानटी वाटा निम्मा होत गेला, तंतुकणिका मात्र शंभर टक्के रानटीच राहिल्या.

त्या तंतुकणिकांत डीएनएचे तुकडे उलटसुलट जुळून एक नवंच जनुक तयार झालं आहे, डब्ल्यूए३५२. त्याचं प्रथिन परागांना पोसणाऱ्या पेशींच्या थरात साठतं, तिथल्या कॉक्स११ नावाच्या कामाच्या प्रथिनाला अडकवतं आणि तो थर वेळेआधीच मरतो. पराग उपाशी राहतात. हे २०१३ साली उलगडलं. निसर्गात असला बिघाड टिकला कसा? तंतुकणिकेच्या बाजूनं पाहा. परागातून तिला पुढच्या पिढीत जाता येतच नाही. पराग मेले तरी तिचं काय जातं? केंद्रकाचं मात्र जातं, म्हणून केंद्रकानं त्यावर उतारा शोधला. आरएफ४ हे दहाव्या गुणसूत्रावरचं जनुक डब्ल्यूए३५२ चा निरोपच, म्हणजे प्रथिन बनवण्याची त्याची सूचनाच, कमी करून टाकतं. एकाच पेशीतलं हे घरगुती भांडण.

बियाणं करणारे या भांडणावरच जगतात. वांझ मादी वाणाच्या ओळी, शेजारी उतारा असलेल्या नर वाणाच्या ओळी. सकाळी फुलं उघडली की दोघांनी दोरी धरून नर ओळींवरून ओढायची, पराग उडतात. या संकरातून आलेल्या रोपात आईचा दोष आणि बापाचा उतारा दोन्ही असतात, म्हणून शेतकऱ्याच्या खाचरात लोंबी भरते. (मादी वाणच वाढवायचा असेल तेव्हा शेजारी तिसरा वाण लावतात. केंद्रक तेच, तंतुकणिका साध्या, उतारा नाही. इथे डोकं गरगरलं तर हरकत नाही, माझंही गरगरलं होतं.) कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून १९९८ साली आलेल्या 'सह्याद्री' या संकरित वाणाची मादीही या हैनानच्या रोपाच्याच वंशातली.

पण एकाच रोपाच्या तंतुकणिका लाखो हेक्टरांवर असणं धोक्याचंही आहे. हैनानला ते रोप सापडलं त्याच १९७० साली अमेरिकेत मक्याचं सुमारे १५ टक्के पीक एका बुरशीनं नेलं. तिथेही बहुतेक संकरित मक्यात वांझपणा आणणाऱ्या एकाच प्रकारच्या तंतुकणिका होत्या, आणि वांझपणा आणणारं प्रथिनच बुरशीच्या विषाला दार उघडून देत होतं. भातावर अशी वेळ आलेली नाही. तरी वांझपणाचे आणखी प्रकार हाताशी असावेत म्हणून शोध चालूच राहिला. त्यातला 'होंगल्यान' हा प्रकारही चीनमधल्या लाल कुसळांच्या एका रानभातातूनच मिळाला.