पायऱ्या चढणारा कंडक्टर: हृदयविकार टाळता येतो, हे कसे कळले

‘वय झाले की रक्तदाब वाढायचाच’ हे वाक्य ठाण्यातल्या जुन्या घरांत अजूनही ऐकू येते. ते अडाणीपणाचे म्हणून झटकण्याआधी एवढे लक्षात घेतले पाहिजे, की विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभरातील पुष्कळ डॉक्टरांचेही मत हेच होते. कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायचे तर दाब वाढणे शरीराला आवश्यकच आहे, अशी त्यांची समजूत होती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका नोंदवला गेला होता.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम या गावातील ५,२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी करायची, आणि त्यांच्यापैकी कोणाला हृदयविकार होतो व कोणाला होत नाही हे वर्षानुवर्षे पाहत राहायचे, असा अभ्यास सुरू झाला. वाढलेला रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध त्यातून उलगडत गेला.

मला मात्र त्याच काळातला लंडनच्या बसगाड्यांचा अभ्यास अधिक जवळचा वाटतो. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये तो प्रसिद्ध केला. एकाच डबलडेकरवर काम करणारे दोघे: ड्रायव्हर पाळीभर बसून, तर कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. ऐरोली-महापेच्या कार्यालयांत दिवसभर खुर्चीला खिळलेली आजची पिढी म्हणजे त्या ड्रायव्हरांचीच भावंडे आहेत, आणि ठाणे स्थानकाचा पूल चढताना सरकत्या जिन्यापुढे रांग लावणाऱ्यांना हे कोणीतरी कळकळीने सांगायला हवे.

आपल्याकडील चित्र २००४ च्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने स्पष्ट केले. ५२ देशांतील रुग्णांच्या या पाहणीत, पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका बदलता किंवा आटोक्यात ठेवता येण्याजोग्या नऊ बाबींशी निगडित असल्याचे दिसले. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटावरची चरबी, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव अशा त्या बाबी. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतरत्र जवळपास ५९ व्या. घरातला कर्ता माणूस त्या वयात कोणत्या जबाबदाऱ्या पेलत असतो, हे वेगळे सांगायला नको.

मिठाचा प्रश्न तर थेट आपल्या ताटातलाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ खावे, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही धरायचे असते. आमच्या नौपाड्यातील घरी पानाच्या डाव्या बाजूला लिंबाच्या फोडीशेजारी चिमूटभर मीठ वाढल्याशिवाय पान पुरे होत नसे. आईला रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा तिने ती चिमूटही बंद केली. सुरुवातीला तिला आमटी अळणी लागे, पण दोन-तीन आठवड्यांत जीभ सरावली.