लिपिड (रक्तातील चरबीच्या) तपासणीसाठी येण्यापूर्वी कृपया हे वाचावे

आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या बहुतेकांना कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स ही नावे परिचयाची असतात; तरीही ‘उपाशी आहात ना?’ असे विचारले की ‘हो, फक्त चहा घेतलाय’ हे उत्तर हमखास मिळते आणि नमुना न घेताच त्यांना परत पाठवावे लागते. यावर काही जण नाराज होतात, म्हणून कारण सांगणे आवश्यक वाटते.

जेवणातील स्निग्ध पदार्थ मुख्यतः ट्रायग्लिसराइड्सच्या रूपाने रक्तात येतात आणि त्यांचे प्रमाण पूर्ववत व्हायला कित्येक तास लागतात. एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे कोलेस्टेरॉल, पुष्कळदा थेट मोजले जात नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करून ते काढतात. त्यामुळे ट्रायग्लिसराइड्स जेवणाने वाढलेले असतील, तर एलडीएल प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते, आणि ट्रायग्लिसराइड्स दर डेसिलिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास हे गणितच लागू पडत नाही. अशा नमुन्याचे सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) पुष्कळदा दुधाळ दिसते.

म्हणून शेवटच्या खाण्यानंतर ९ ते १२ तास जाऊ द्यावेत. मध्यरात्री जेवून सकाळी सातला येणे यात बसत नाही. साधे पाणी चालते. मद्य मात्र आदल्या दिवशीही नको. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. तपासणीपुरते चार दिवस पथ्य पाळून आलेला आकडा आपल्या नेहमीच्या आहाराविषयी डॉक्टरांना काहीच सांगत नाही.

अलीकडे पहिल्या तपासणीसाठी उपाशी राहण्याचा आग्रह अनेक डॉक्टर धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. चिठ्ठीवर तसे लिहिले असेल, तर आम्ही नमुना लगेच घेतो आणि शेवटच्या जेवणाची वेळ अहवालात नोंदवतो. ट्रायग्लिसराइड्स पूर्वी वाढलेले आढळले असतील, तर मात्र उपाशीपोटीच यावे.

सर्वसाधारणपणे उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड्स दर डेसिलिटरला १५० मिलिग्रॅमच्या आत आणि एलडीएल १०० च्या आत असावे. हृदयविकार किंवा मधुमेह असल्यास एलडीएलची मर्यादा डॉक्टर आणखी खाली ठरवतात. साखर, मद्य आणि वजन कमी केल्याने ट्रायग्लिसराइड्स लवकर उतरतात. एलडीएलसाठी तूप-लोण्याऐवजी वनस्पती तेल आणि तंतुमय आहार उपयोगी पडतो, पण अनेकांना औषधही लागते.

ज्यांना उपाशीपोटी प्रवास जमत नाही, त्यांच्या घरी पहाटे येऊन आम्ही नमुना घेतो. जुना अहवाल सोबत दिल्यास त्यातील आकडे नव्या आकड्यांशेजारी छापून मिळतील.