बाटलीतलं प्रत्येक रोप टिश्यूचं नसतं

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात टिश्यू कल्चर कुणाला शिकवायची गरज नाही. चांगल्या मातृझाडाच्या कंदातला कोंब बाटलीत वाढवायचा, तो फोडत फोडत रोपं करायची, हिरव्या जाळीखाली हार्डनिंग, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय, झालं की पिशवी शेतावर. म्हणून तर ग्रँड नैन या केळीच्या जातीची बाग एकदमच निसवते, सगळ्या झाडांना घड एकाच वेळी येतात.

घोळ होतो तो ऑर्किडच्या बाटलीपाशी. बियांपासून वाढवलेलं एखादं छोटं जंगली ऑर्किड दाखवलं की ऐकू येतं, ‘हे पण टिश्यूचंच ना?’ नाही! बाटली तीच, अगार (रोप ज्यावर वाढतं ती जेली) तेच, निर्जंतुक खोलीही तीच. पण आत गेलं होतं ते बी. आणि नर्सरीत सरसकट ‘टिश्यू कल्चर ऑर्किड’ अशी पाटी लावतात, तिचा मला खरोखर राग येतो. घेणारा त्या पाटीवर विश्वास ठेवून भलतीच अपेक्षा घरी नेतो.

बी बाटलीत टाकावं लागतं, कारण ते धुळीसारखं बारीक असतं आणि त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. जंगलात त्याला बुरशी पोसते. हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवलं. बुरशीऐवजी साखर घातलेल्या अगारवरही ते उगवतं, हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये. म्हणजे केळी बाटलीत जाते एकाची हजार करायला, आणि हे बी जातं नुसतं जगायला.

आता खरा फरक. केळीची सगळी रोपं म्हणजे एकच झाड, पुन्हा पुन्हा. बियांची रोपं म्हणजे भावंडं. प्रत्येकाच्या वाट्याला आईबापाचं वेगवेगळं आलेलं. आपल्या सह्याद्रीतलं डेंड्रोबियम मायक्रोबल्बॉन हे ऑर्किड घ्या, बोटाच्या पेराएवढ्या कंदांचं, कोरड्या दिवसांत पानं गाळणारं. त्याच्या एकाच शेंगेतली रोपं शेजारीशेजारी लावली तर कुणाचे कंद गोल, कुणाचे लांबट, कुणाचं फूल आधी, कुणाचं हंगाम उलटल्यावर. टिश्यूच्या बागेत असं वेगळं झाड निघालं तर तो दोष. बियांच्या ट्रेमध्ये सगळी हुबेहूब निघाली, तर मला शंका येईल.

म्हणून ‘फोटोतल्यासारखंच फूल येईल का?’ हा प्रश्न बियांच्या रोपाला लागूच पडत नाही. विचारायचं ते हे: परागकण कुठल्या झाडाचे? दोन्ही झाडं त्याच जातीची होती का? शेजारच्या दुसऱ्या डेंड्रोबियमचे पराग लावले असतील तर ते संकरित झालं. पाटीवर जंगली जातीचं नाव लिहून ते जंगली होत नाही. (बी उगवल्यावरचा एकच हिरवा गोळा फोडून कुणी रोपं वाढवली असतील, तर तेवढी मात्र एकमेकांची प्रत असतात. तेही विचारून घ्यावं.)

सारखेपणाची किंमत केळीवाल्यांना वेगळी सांगायला नको. पनामा या बुरशीच्या रोगाने ग्रॉस मिशेल या केळीच्या जुन्या जातीचे मळेच्या मळे गेले, कारण एका झाडाला जे मारत होतं ते सगळ्यांनाच मारत होतं. भावंडांत तसं नसतं. जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा काही रोपं माना टाकतात, काही तगतात. तगलेली आपली. त्यामुळे एकच रोप घेणाऱ्याला मी स्पष्ट सांगतो, घेऊ नका. निदान पाच-सहा घ्या. डेंड्रोबियमच्या बऱ्याच जाती स्वतःच्या परागांवर शेंग धरत नाहीत, आणि तिथे एकाच झाडाच्या दहा टिश्यू प्रती असूनही काही उपयोग नाही. दोन भावंडं असली तर बऱ्याचदा जमतं.

लागवडीतले फरक किरकोळ. माती नको, खत अगदी पातळ, बाटली पावसाळा लागल्यावरच उघडा. मुळांना चिकटलेलं अगार धुऊन काढा, नाहीतर बुरशी धरते. फुलाला काही वर्षं लागतात. अकरा-बारा महिन्यांत घड कापणाऱ्यांनी हे आधीच मनाशी धरावं.

स्वतः शेंग धरवलीत तर ती फुटायच्या आधी, हिरवी असतानाच लॅबला द्या. बंद शेंगेत बी मुळातच निर्जंतुक असतं, नुसती वरची साल निर्जंतुक केली की काम होतं. फुटलेल्या शेंगेचं बी ब्लीचमध्ये धुवावं लागतं आणि त्यात काही गर्भ मरू शकतात.