सर्व्हरवर रिमोट कमांडची परवानगी पाहिजे? अर्ज कसा करायचा (अंबड, नाशिक)

आमच्या अंबडच्या युनिटमधल्या सर्व्हरवर सिन्नर प्लँटमधून, गोडाऊनमधून किंवा वेंडरकडून काही चालवायचं असेल तर अर्ज लागतो, आणि दर आठवड्याला कोणीतरी हेच विचारतं म्हणून एकदाच लिहून टाकतो. "सर्व्हरचा ॲक्सेस द्या" असा अर्ज परत येईल. कुठली कमांड चालवायची ते लिहा.

अर्ज कोणी करायचा? कंपनीचं मशीन असेल तर डिपार्टमेंट हेडने, वेंडर असेल तर एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) चालू पाहिजे. पर्सनल लॅपटॉपला मिळत नाही, साहेबांच्या भाच्याचा असला तरी.

सोबत काय जोडायचं: सही केलेला फॉर्म, एएमसीची कॉपी (वेंडर असेल तर), मशीनचा फिक्स आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता), पूर्ण पाथसकट (कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्यासकट) कमांड, आणि पब्लिक की (लॉगिनच्या डिजिटल किल्लीचा दुसऱ्याला देता येणारा भाग). घोळ इथेच होतो. एसएसएच-कीजेन (की बनवणारा प्रोग्रॅम) चालवलं की दोन फायली बनतात, त्यातली शेवटी डॉट पब असलेलीच पाठवायची, दुसरी गुप्त असते. मागे एकाने दोन्ही फायली व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या, झालं, ती की बाद, नवीन बनवा, परत सहीसाठी फिरा.

मंजुरी आली की सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड कीज फायलीत (कोणाकोणाच्या की चालतील त्याची यादी) तुमच्या कीच्या आधी, त्याच ओळीत, मी रिस्ट्रिक्ट हा ऑप्शन, मग फ्रॉममध्ये तुमचा आयपी आणि कमांडमध्ये ती एकच कमांड टाकतो (स्वल्पविरामानंतर चुकून स्पेस पडली की ती ओळ चालतच नाही, यात माझा एक अख्खा शनिवार गेलाय). मग तुम्ही तिकडून काहीही टाइप करा, चालणार तेच जे इथे लिहिलंय, तुमचं टाइप केलेलं नुसतं एका व्हेरिएबलमध्ये (सर्व्हरवरच्या एका नाव दिलेल्या कप्प्यात) जाऊन बसतं. रिस्ट्रिक्टमुळे टर्मिनल, पोर्ट फॉरवर्डिंग (याच लाइनमधून दुसरी कनेक्शन्स नेणं) वगैरे सगळं बंद. हा ऑप्शन ओपनएसएसएच (सर्व्हरवरचा रिमोट लॉगिनचा प्रोग्रॅम) ७.२ मध्ये, २०१६ साली आला, त्यापेक्षा जुन्या सर्व्हरवर एकेक गोष्ट वेगळी बंद करावी लागते.

दोन-तीन कमांड हव्या असतील तर मी छोटी स्क्रिप्ट लावतो, ती ते व्हेरिएबल बघून यादीतलंच चालवते. व्हीआय, लेस, फाइंड (फायली उघडणारे, शोधणारे प्रोग्रॅम) मात्र मागू नका, व्हीआयमधून कोलन आणि उद्गारचिन्ह मारलं की शेल (जिथून कुठलीही कमांड चालवता येते) उघडता येतं, मग कशाला एवढा खटाटोप.

वेंडरच्या कीला एएमसी संपायची तारीख लावलेली असते, ती गेली की की आपोआप बंद. आणि तारीख बाकी असून "परमिशन डिनाइड" आलं तर आधी तुमची इंटरनेट लाइन बदलली का बघा, कारण नव्या आयपीवरून ती की चालत नाही. जुना अर्ज नंबर टाकून नवा आयपी मेल करा, फॉर्म परत भरू नका.