दवाखान्यांची स्वच्छता व निर्जंतुकीकरण (खानदेश)

दवाखान्यातील जमीन, फर्निचर, उपकरणे व स्वच्छतागृह यांवरचा मळ आणि रोगजंतू काढून टाकण्याचे नित्याचे काम. त्याच्या तीन पायऱ्या मानतात. साबणपाण्याने मळ काढणे ही स्वच्छता, रसायनाने किंवा उष्णतेने बहुतेक रोगजंतू मारणे हे जंतुनाशन आणि बीजाणूंसकट (काही जंतूंचे टणक, सुप्त रूप) सगळे सूक्ष्मजीव संपवणे हे निर्जंतुकीकरण. कोणत्या वस्तूला कुठली पायरी लागते, ते अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांच्या वर्गवारीवरून आजही ठरवतात : रक्तापर्यंत जाणारी वस्तू निर्जंतुकच हवी, तोंड, योनिमार्ग अशा ठिकाणच्या श्लेष्मल त्वचेला लागणाऱ्या वस्तूला उच्च दर्जाचे जंतुनाशन हवे, धड त्वचेला लागणाऱ्या वस्तूला साबणपाणी आणि साधे जंतुनाशक पुरते. फरशी या यादीत अगदी तळाला येते. तरी सर्वांत जास्त फिनाइल फरशीवरच ओतले जाते आणि दाराची मूठ, बेलचे बटण, खुर्चीचे हात तसेच राहतात.

जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत हे काम करताना ऊन, धूळ आणि पाणी या तिन्ही गोष्टी आडव्या येतात. पुस्तकातले प्रमाण तेच असले तरी ते इथे टिकवायला जास्त लक्ष द्यावे लागते.

ऊन : मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास असतो. दवाखान्यात ज्याला नुसते ‘हायपो’ म्हणतात ते सोडियम हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने विघटन पावते. तापमान १० अंशांनी वाढले की विघटनाचा वेग तिपटीहून अधिक होतो. त्यामुळे पत्र्याच्या खोलीत हिवाळ्यापासून पडून असलेल्या कॅनवर ५ टक्के छापलेले असले, तरी जूनमध्ये आत तेवढे क्लोरीन उरलेले नसते. अशा कॅनमधून मोजूनमापून केलेले द्रावणही कमजोरच निघते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. उपाय साधा आहे : मोठा कॅन स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये, उत्पादनाची तारीख पाहून लहान घ्यावा, घरातल्या सर्वांत थंड व अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावा. वापरायचे द्रावण रोज सकाळी नव्याने करावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नये. ५ टक्क्यांच्या हायपोपासून १ टक्क्याचे द्रावण करायला एक भाग हायपोत चार भाग पाणी घालतात. ब्लीचिंग पावडर वापरायची असेल आणि तिच्यात ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असेल, तर लिटरभर पाण्याला सुमारे ३३ ग्रॅम पावडर लागते. पावसाळ्यात पिशवीचे तोंड उघडे राहिले की पावडर ओल धरते, तिचे गठ्ठे होतात. वास गेलेली पावडर गटारीच्या कडेला टाकायलाही फारशी कामाची नसते.

पाणी : अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. टाकीत साठवलेले पाणी पुरवून वापरायचे, म्हणून एकाच बादलीत संपूर्ण दवाखाना पुसला जातो आणि शेवटच्या खोलीपर्यंत ते पाणी चहाच्या रंगाचे होते. अशा पोछ्याने एका खोलीतले जंतू दुसरीत जातात एवढेच. सरकारी आरोग्य संस्थांत यासाठी तीन बादल्यांची पद्धत सांगितली जाते : एकीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे, तिसरीत जंतुनाशक. मॉप साबणाच्या पाण्यातून फिरवून साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच जंतुनाशकात बुडवायचा. पाणी गढूळ झाले की बदलायचे. पाणी कमी असेल तर फरशीचा फेरा एक वेळ कमी करावा, पण बादली बदलण्यात काटकसर करू नये.

बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही, आणि चतुर्थक अमोनियम वर्गातील जंतुनाशकांचा जोरही कमी पडतो. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, हेच पाणी घातले की हीटरवर क्षारांचा पांढरा थर चढतो. त्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी घेणे उत्तम.

धूळ : काळ्या मातीचा मुलूख, उन्हाळ्यातला वारा, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या बाजूने उडणारे तंतू. सकाळी दवाखाना उघडल्याबरोबर केरसुणी मारली तर ही धूळ उठते आणि मलमपट्टीच्या ट्रेवर जाऊन बसते. म्हणून रुग्णांच्या भागात कोरडा झाडू वर्ज्य मानतात. ओल्या मॉपने केर गोळा करून मग पुसतात. क्रमही ठरलेला आहे : वरून खाली, आतून दाराकडे, स्वच्छ जागेकडून घाण जागेकडे. स्वच्छतागृहाचा मॉप वेगळा असतो आणि तो दुसरीकडे कुठेही फिरत नाही. मळ न काढता जंतुनाशक ओतणे वाया जाते, कारण हायपोतले क्लोरीन मातीवर आणि रक्तातल्या प्रथिनांवरच खर्च होते.

प्रतीक्षालय : इथे खरे काम बाकांच्या हातांचे, कठड्याचे आणि काउंटरचे. जिन्याच्या कोपऱ्यांतल्या पिचकाऱ्या हा वेगळाच प्रश्न आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, कोपऱ्यांना ती लागू झालेली दिसत नाही. उन्हाळ्यात डेझर्ट कूलर लावतात. त्याची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी लागते, नाहीतर डेंग्यू पसरवणारा एडिस डास तिथेच वाढतो. आरोग्य विभाग जो ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो, तो दवाखान्यालाही चुकलेला नाही. क्षयाचे रुग्ण जिथे बसतात तिथे मात्र पुसण्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवण्याला अधिक महत्त्व, कारण क्षय हवेतून पसरतो.

तपासणीची खोली : स्टेथोस्कोप, थर्मामीटर आणि नाडीमापक ७० टक्के अल्कोहोलने पुसतात. पाणी मिसळलेले अल्कोहोल शुद्ध अल्कोहोलपेक्षा जंतूंवर जास्त चालते. रक्तदाबाचा कापडी पट्टा धुवावा लागतो, आणि तोच बहुधा विसरला जातो. तपासणीच्या टेबलाचे रेक्झिन एका कडेला फाटलेले असणे ही सर्रास दिसणारी गोष्ट. फाटीतून घाम आणि रक्त फोममध्ये मुरते, वरून कितीही पुसले तरी आतपर्यंत औषध पोहोचत नाही. चिकटपट्टी लावली तर तिच्या कडांना मळ धरतो. असे रेक्झिन बदलून घेणे एवढाच मार्ग आहे.

इंजेक्शन व मलमपट्टीची खोली : रक्त सांडले तर आधी हातमोजे घालून त्यावर कापूस किंवा वर्तमानपत्र टाकतात, १ टक्का हायपो ओततात, निदान १० मिनिटे थांबतात, मग सगळे गोळा करून पिवळ्या पिशवीत टाकतात आणि जागा पुन्हा पुसतात. थांबण्याची ही मिनिटेच घाईत गाळली जातात. वाळलेल्या रक्तात हिपॅटायटिस-बी चा विषाणू किमान सात दिवस तग धरू शकतो, त्यामुळे सुकलेला डागही निरुपद्रवी धरता येत नाही. हायपो स्टीलला खातो, म्हणून चिमटे व कात्र्या त्यात तासन्‌तास बुडवून ठेवू नयेत.

उपकरणे : उपकरण आधी ब्रशने, सांध्यांसकट, धुवायचे. त्यानंतर ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सियस व १५ पौंड दाबाला, गुंडाळलेल्या साहित्यासाठी ३० मिनिटे. वीज गेल्याने फेरी मध्येच थांबली तर ती पहिल्यापासून घ्यावी लागते. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागात म्हणूनच गॅसवर चालणारा, कुकरसारखा ऑटोक्लेव्ह भरवशाचा ठरतो. पाकिटावरच्या सूचक पट्टीचा रंग बदलला म्हणजे ते पाकीट वाफेतून गेले एवढेच कळते, आतपर्यंत निर्जंतुक झाल्याची ती हमी नव्हे. २० मिनिटे उकळून बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे जुना ‘बॉयलर’ शस्त्रक्रियेच्या साहित्याला चालत नाही. उष्णता न सोसणारी उपकरणे २ टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये २० मिनिटे ठेवली तर उच्च दर्जाचे जंतुनाशन होते, निर्जंतुकीकरणाला मात्र १० तास लागतात.

प्रसूतिकक्ष व शस्त्रक्रियागृह : फिनाइलच्या उग्र वासावरून दवाखाना स्वच्छ ठरवण्याची सवय जुनी आहे. वास हा कसलाही पुरावा नव्हे. नवजात बाळाच्या पाळण्याला व वॉर्मरला तर फिनॉल वर्गातली द्रव्ये लावूच नयेत, त्याने बाळाची कावीळ वाढू शकते. शनिवारी रात्री फॉर्मेलिनचा धूर करून खोली बंद ठेवण्याची पद्धतही आता मागे पडायला हवी. फॉर्मेलिनमधले फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक ठरले आहे आणि नीट घासून पुसण्याची जागा धूर घेऊ शकत नाही.

स्वच्छतागृह : भांड्याला लावायचे अॅसिड आणि हायपो एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. सफाई करणाऱ्या मावशींना ठसका लागतो, डोळे चुरचुरतात आणि बाहेर ‘औषध जोरदार आहे’ असे मानले जाते. एक वापरल्यावर भरपूर पाणी ओतावे आणि मगच दुसरे वापरावे. याच मावशींना जाड रबरी मोजे आणि हिपॅटायटिस-बी लसीचे तीन डोस मिळायला हवेत. लहान खाजगी दवाखान्यांत हे क्वचितच घडते. सरकारी संस्थांत २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजनेच्या गुणतक्त्यामुळे निदान तपासणी तरी होते.

कचरा : जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या व सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात जाते. रक्ताने माखलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. खाटा नसलेल्या दवाखान्यालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र लागते, फक्त ते एकदाच घ्यावे लागते. सामायिक प्रक्रिया केंद्राची गाडी जिथे पोहोचत नाही अशा दुर्गम पाड्यांकडे खोल पुरण्याची मुभा आहे : सुमारे दोन मीटर खोल खड्डा निम्मा कचऱ्याने भरायचा, मग पृष्ठभागाच्या ५० सेंटिमीटर खालीपर्यंत चुना टाकायचा आणि उरलेला भाग मातीने बुजवायचा.