जबडा आखडणे

तोंड पुरेसे न उघडण्याची अवस्था. प्रौढ माणसाने तोंड पूर्ण उघडले की वरच्या-खालच्या पटाशीच्या दातांत साधारणतः ४० ते ५० मिमी. अंतर पडते, स्वतःची तीन बोटे उभी आत जातात. अक्कलदाढेची सूज, धनुर्वात, हाड मोडणे, सांध्यातील चकती सरकणे अशा अनेक कारणांनी हे अंतर कमी होते. कोकण किनारपट्टीवर सुपारी चघळणाऱ्यांत मात्र दोष बहुधा सांध्याबाहेर, गालाच्या अस्तरात असतो. येथे मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

खालच्या जबड्याचे गोल टोक कानशिलाच्या हाडातील खोबणीत बसते व दोहोंमध्ये तंतुमय चकती असते. तोंड उघडताना हे टोक आधी जागीच फिरते, मग चकतीसह पुढे घसरते. चर्वणाचे मुख्य स्नायू चार : मॅसेटर, टेंपोरॅलिस, आतील टेरिगॉइड हे जबडा मिटणारे आणि बाहेरील टेरिगॉइड हा मुख्यतः उघडण्यास मदत करणारा. मॅसेटरचा तिसरा, खोल थर बाझेल विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये वर्णिला. तीन थरांचे उल्लेख जुन्या ग्रंथांतही असल्याने त्यास नवा स्नायू म्हणण्यापेक्षा जुन्याची नेमकी मांडणी म्हणणे बरे. या चारही स्नायूंना पाचवी मस्तिष्क तंत्रिका चालवते. सातवी, म्हणजे चेहऱ्याची तंत्रिका, कानापुढील लाळग्रंथीतून जात असली तरी चर्वणाशी तिचा संबंध मुख्यतः गालाच्या स्नायूपुरता आहे. ती लुळी पडल्यास दात घट्ट मिटतात, पण घास गालात साठून राहतो.

सुपारीजन्य विकारात अस्तराखाली तंतू वाढून गाल पांढुरके व ताठ होतात. बोट फिरविल्यास उभे पट्टे हाताला लागतात. आधी तिखट खाताना तोंड भाजल्यासारखे होते, मग शीळ घालणे, गाल फुगविणे जमेनासे होते. सुश्रुतसंहितेतील ‘विदारी’ म्हणजे हाच विकार, असे अनेक लेखक सांगतात. तेथील वर्णन मात्र दाह, लालसर सूज व सडलेले मांस यांचे असल्याने हे समीकरण ओढूनताणून केलेले दिसते. आधुनिक नोंद श्वार्ट्‌झ यांची (१९५२), केनियातील पाच भारतीय स्त्रियांवरून. पुढच्याच वर्षी मुंबईहून जोशी यांनी असे रुग्ण वर्णिले. कारण म्हणून प्रारंभी मिरची व जीवनसत्त्वांची उणीव यांकडे बोट दाखविले गेले. मिरचीने जळजळ वाढते हे खरे, पण ती मूळ कारण असल्याचा पुरावा तोकडा आहे. आता सुपारीवर बहुतेकांचे एकमत आहे : तिच्यातील अरेकोलीन हे द्रव्य तंतुनिर्मितीस चालना देते, तर तांबे व टॅनिन तंतू चिवट करतात. श्रीवर्धन, मुरुड, गुहागरच्या वाड्यांतली ओली सुपारी ‘लागते’, घाम फुटून गरगरते, तो अरेकोलीनचाच तात्कालिक परिणाम. तंतू वाढणे हे दीर्घकाळच्या सवयीचे फळ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये सुपारी, तंबाखूविनाही, कर्करोगजनक ठरविली. केरळातील एर्नाकुलम येथे १७ वर्षे पाहिलेल्या ६६ रुग्णांपैकी ७.६ टक्क्यांत कर्करोग उद्‌भवला. सुपारी सोडणे, तोंड उघडण्याचे व्यायाम, अस्तरात स्टेरॉइडची इंजेक्शने व गरजेनुसार पट्टे कापणे हे उपचार. मात्र ताठरलेले अस्तर सहसा पूर्ववत होत नाही.